आधी तारीख

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. ही तारीख नाटकवाल्यांच्या तोंडपाठ असते. पण त्या दिवशी नाटक पुरं झालंच नव्हतं. कालिदासाचे अंक सात. त्यांतले पहिले चार त्या प्रयोगात झाले, बाकीचे तीन मागाहून आले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. नाटक पाच अंकांचं, पण १८ नोव्हेंबर १८८२च्या पहिल्या प्रयोगात तीनच अंक. १८८४मध्ये ‘रामराज्यवियोग’ आलं तेही तीन अंकांचं, आणि ते तसंच राहिलं. २ नोव्हेंबर १८८५ला अण्णासाहेब गेले. वय अवघं बेचाळीस.

एका नाटकाचं असं झालं असतं तर काही अडचण आली असेल म्हणून सोडून देता आलं असतं. तिन्ही नाटकांचं झालं, म्हणजे ती त्या माणसाची काम करायची रीतच असावी असं मला वाटतं. जेवढं उभं राहिलंय तेवढं लोकांपुढे न्यायचं आणि पुढचं त्यानंतर बघायचं.

ते काय उभं करत होते, तेही आठवायला हवं. त्यांच्याआधीच्या पौराणिक नाटकांत पदं सगळी सूत्रधाराच्या गळ्यात असायची. नटांनी सोंगं घेऊन यायचं, प्रसंगाला सुचेल तसं बोलायचं. किर्लोस्करांच्या नटाला मात्र आपली पदं आपणच म्हणायची होती, आणि पदाच्या अलीकडे-पलीकडे लिहिलेलं गद्य पाठ करून बोलायचं होतं. गाता गाता दुष्यंत राहायचं आणि बोलता बोलता सूर सोडायचा नाही, अशी ती दुहेरी कसरत. ती शिकवणारी शाळा नव्हती आणि गुरूही नव्हता. अण्णासाहेब स्वतः सरकारी कचेरीत नोकरी करत होते. पारंगत झाल्यावर उतरू म्हणून ते थांबले असते, तर पारंगत व्हायला गेले असते कुठे? ती कला त्या प्रयोगांतच आकार घेत होती.

मी सांगलीची, त्यामुळे ही रीत मला त्याच्याही मागे दिसते. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि तसंच काही आपल्या भाषेत करावं असं आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. भाव्यांनी त्याआधी नाटक केलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे मराठी नाटकाचा नमुनाही नव्हता. ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. तो दिवस आपण आज रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या नाटकाचं रूप बघा. पदं सूत्रधारानं म्हणायची, नटांनी त्यांना धरून बोलायचं. इतिहासाच्या पुस्तकांत हे त्या नाटकांचं ‘वैशिष्ट्य’ म्हणून येतं. मला त्यात एका हुशार माणसाची निवड दिसते. हाताशी जी माणसं होती त्यांच्याकडून लिखित संवाद पाठ करून घेत बसायला वेळ नव्हता. राजाचा शब्द पडला होता. मग जे येतं त्यावर नाटक पेलायचं आणि जे येत नाही ते बाजूला ठेवायचं. ‘वैशिष्ट्य’ जन्माला आलं ते असं, असा माझा अंदाज आहे. भाव्यांनी बाजूला ठेवलेलं तेच नेमकं सदतीस वर्षांनी किर्लोस्करांनी उचललं.

तारीख माणसाला धीर देते असं लोक समजतात. मला तसा अनुभव नाही. तारीख ठरल्यावर पोटात गोळा येतो, झोप उडते. तिचा उपयोग निराळा आहे. कुठलीही विद्या घ्या, तिला काठ नसतो. गाणं शिकायचं म्हटलं तर आयुष्य पुरत नाही, स्वयंपाकाचं तेच, शेतीचं तेच. काठ नसलेल्या गोष्टीत सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, म्हणून माणूस काठावरच राहतो. तारीख त्या अथांग विद्येतला एक तुकडा कापून आपल्या हातात देते. एवढं तुला तेव्हापर्यंत यायला हवं, बाकीचं आत्ता नको. काय सोडायचं ते ती शिकवते, आणि मला वाटतं, शिकण्यातला तोच सगळ्यात अवघड भाग आहे.

हे मला प्रकाशयोजनेनं शिकवलं.

आमची हौशी नाट्यसंस्था. बँकेतले, शाळेतले, एखादा दुकानदार, एखादी गृहिणी अशी माणसं संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा महाराष्ट्रात १९५०च्या दशकापासून चालू आहे. ती नसती तर जिल्ह्याजिल्ह्यांतली कितीतरी माणसं आयुष्यभर ‘एकदा नाटक करायचंय’ असं म्हणतच राहिली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्पर्धेचा अर्ज भरायची मुदत असते. बहुतेक संस्थांचं नाटक तेव्हा बसलेलं नसतं. संहिता हातात असली तरी नट ठरलेले नसतात, नट ठरले तर सवड जुळलेली नसते. तरी अर्ज जातो. अर्ज गेला की केंद्रावरची तारीख येते, आणि तालमीला न येणारी माणसं तालमीला येऊ लागतात.

त्या वर्षी आमचे प्रकाशयोजना करणारे गृहस्थ बदली होऊन गावाबाहेर गेले होते. आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, अर्ज पुढ्यात घेऊन बसले. नेपथ्याचं नाव लिहिलं, संगीताचं लिहिलं. प्रकाशयोजनेपाशी पेन थांबलं. मी म्हणाले, “माझं लिहा.” दादांनी वर पाहिलं. “करशील?” “करीन.” त्यांनी लिहिलं.

मी तोवर कपडेपट सांभाळत असे. प्रकाशाची ओढ मला फार आधीपासून होती, त्यावरची पुस्तकंही मी मिळतील तशी वाचत आले होते. पण ते वाचन आणि अर्जात नाव गेल्यानंतरचं वाचन यांत जमीनअस्मानाचा फरक होता. आधी पुस्तकाचं प्रत्येक पान सारखंच महत्त्वाचं वाटायचं. तारीख आल्यावर त्याच पुस्तकातली काही पानं आपणहून उघडायला लागली आणि बाकीची मिटली. आमच्या नाटकात एक घर होतं, एक दुपार, एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाऊस नव्हता, वीज चमकत नव्हती, स्वप्नदृश्य नव्हतं. मग त्या सगळ्या प्रकरणांशी मला त्या वर्षी कर्तव्य नव्हतं. दुपार, रात्र, सकाळ. एवढंच शिकायचं.

दुपार शिकायला मी आमच्याच घरात बसले. रविवारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ओट्याशी खुर्ची टाकायची आणि खिडकीतून येणारं ऊन बघत राहायचं. इतकी वर्षं त्या खोलीत वावरले, पण खिडकीच्या गजांची सावली फरशीवर आधी आखूड असते आणि उन्हं उतरतात तशी लांबत भिंतीवर चढते, हे मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. भर दुपारी खोलीत जो उजेड असतो तो खिडकीतून थेट येणारा कमी आणि फरशीवरून उसळून वर आलेला जास्त. म्हणून माणसाच्या हनुवटीखालीसुद्धा थोडा उजेड असतो. हे दिसल्यावर तालमीत बसून मी नटांच्या हनुवट्याच बघायला लागले.

मग दिव्यांशी ओळख झाली. दिवा बरोबर समोरून मारला की चेहरा सपाट होतो, नाक-डोळे पुसल्यासारखे दिसतात. पायाशी ठेवून वर मारला की माणूस भुतासारखा दिसतो. समोरून पण बाजूला सरकवून, साधारण पंचेचाळीस अंशांत वरून खाली आणला की चेहऱ्याला चढउतार येतात. आणि पाठीमागून एखादा सोडला की केसांना, खांद्यांना कड येते आणि माणूस मागच्या पडद्यापासून सुटून पुढे येतो. हे सगळं पुस्तकात आहे. हातानं दिवा वळवल्यावर ते माझं झालं.

रात्रीनं फार दमवलं. रात्र म्हणजे निळा, असं कुणीही सांगेल. निळा जिलेटिन पेपर लावला की स्टेज सुंदर दिसतं आणि त्यावरची माणसं मेल्यासारखी दिसतात. आमच्या नाटकातल्या रात्री तर आई आणि मुलगी बराच वेळ नुसत्या बोलत बसतात. चेहरे गेले तर प्रवेश गेला. मी एका संध्याकाळी आयर्विन पुलावर जाऊन उभी राहिले. कृष्णेवर अंधार उतरत होता. घाटावर दिवे लागले, आणि लक्षात आलं की दिवा लागेपर्यंत आकाश निळं वाटतच नाही. पिवळा उजेड शेजारी आला की मग ते निळं होतं. घरी येऊन वहीत लिहिलं: आईच्या बाजूला कंदिलाइतका उबदार दिवा, अगदी मंद. निळा फक्त मागच्या भिंतीवर. तालमीच्या हॉलमध्ये ते करून पाहिलं तेव्हा आईचं काम करणाऱ्या बाई वाक्य म्हणता म्हणता थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, रात्र झाली की.”

सकाळ मला दिव्यांनीच शिकवली. हॅलोजनचा दिवा डिमरवर कमी करत नेला की तो नुसता मंद होत नाही, त्याचा रंगही तांबूस होत जातो. वर चढवत नेला की तांबूस, मग पिवळा, मग पांढरा. म्हणजे पहाट त्या दिव्यात आधीच भरून ठेवलेली असते, वेगळा रंगीत कागद लागत नाही, फक्त हात सावकाश चालवायचा. किती सावकाश? मी स्वतःच्या श्वासावर मोजायला लागले. नटी उठते, खिडकीशी जाते, खिडकी उघडते. तिचं उघडणं आणि माझं फेडर वर जाणं एकाच श्वासात व्हायला हवं. त्यासाठी तिचं नाटक मला तिच्याइतकंच पाठ असावं लागलं. प्रकाशयोजना ही बोर्डावर बसून करायची गोष्ट आहे असं मला वाटत होतं. ती तालमीत बसून करायची गोष्ट आहे, हे मला प्रयोगाची तारीख जवळ येत गेली तसं उमगलं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण ‘उडी मार, पोहायला येईलच’ असं सरसकट सांगणाऱ्यांची मला भीती वाटते. विजेच्या जोडण्या मी केल्या नाहीत. त्या लाईटवाल्या मामांनी केल्या. त्यांची हयात मांडवांत आणि नाट्यगृहांत गेलेली. हजार वॅटचा एक दिवा आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चार ॲम्पिअरहून जास्त ओढतो. पंधरा ॲम्पिअरच्या लाईनवर तीन चालतात, चौथा लावला की वायर तापते. हे गणित मामांनी मला पहिल्याच दिवशी घालून दिलं. मला एका कोपऱ्यात आणखी एक दिवा हवा होता, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, तुमचा कोपरा अंधारात राहिला तर चालतंय. ह्या लाईनवर आता एक बी चढवायचा नाही.” आणि तो कोपरा अंधारात राहिला. मी मागाहून पाहिलं, तो अंधारच तिथे शोभत होता.

शिकता शिकता जे बिघडेल त्याची किंमत आपल्या पदरातून जाणार असेल, तर उतरावं. ती दुसऱ्याच्या जिवावर येणार असेल तर उतरू नये. माझी रात्र फसली असती तर एक प्रवेश फिका पडला असता, स्पर्धेतले गुण गेले असते, मला वाईट वाटलं असतं. वायर जळाली असती तर वर लोखंडी पाइपला टांगलेल्या दिव्यांखाली आमची माणसं उभी होती. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवून ‘धाडस’ म्हणणं मला मान्य नाही. शस्त्रक्रिया, विमान, विजेची लाईन इथे आधी तयारी, आधी परवाना, आणि वर कुणीतरी जाणतं माणूस. नाटक, गाणं, लिहिणं, नवी भाषा, व्यासपीठावरचं पहिलं भाषण इथे तारीख आधी.

या बाबतीत मला दादासाहेब फाळक्यांचं फार कौतुक वाटतं. १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि १ एप्रिलला परत आले. चलच्चित्र काढणं ते शिकले ते एवढ्या काळात, आणि मग घरी, हातानं. कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा पाडून मिळत नव्हती. ती पाडायला सरस्वतीबाई बसत. ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ही गोष्ट एका झपाटलेल्या माणसाची म्हणून सांगितली जाते, आणि तो झपाटलेला होताच. पण त्या काही आठवड्यांच्या मागे जे. जे. स्कूलमधली चित्रकला होती, बडोद्याचं कलाभवन होतं, छायाचित्रण होतं, छापखान्याचा धंदा होता, जादूचे प्रयोग होते. इतकी वर्षं हे सगळं वेगवेगळ्या खोल्यांत पडून होतं. चित्रपट करायचा असं ठरल्यावर ते एका खोलीत आलं. शिवाय त्यांनी हरिश्चंद्राला हात घालण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना थोडाथोडा टिपून त्याचं लहानसं चित्र केलं. कॅमेरा आपल्या हाताला वळतो का हेही त्यात कळलं, आणि ते दाखवून भांडवलही उभं करता आलं. मला हा वाटाणा हरिश्चंद्राइतकाच मोठा वाटतो. मोठा शब्द देऊन झाल्यावर फाळक्यांनी लगेच एक लहान शब्द शोधला, जो त्यांना त्यांच्या कुंडीत पाळता येईल.

तयार नसतानाच हो म्हणणारी माणसं बघितली की मला त्यांच्यामागे ही अशी पडून असलेली वर्षं दिसतात. आमच्याकडे पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एका काकूंनी नाटकातलं मोठं स्वगत असं म्हटलं की सभागृह गप्प झालं. त्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं अभंग म्हणत आल्या होत्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द लांबवायचा, लोकांकडे बघून कसं बोलायचं, हे सगळं त्यांच्याकडे आधीच होतं. आपण त्याला अभिनय म्हणतो हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. तालमीला ये म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मला काय येतंय गं?” तारीख पडल्यावर पुन्हा तसं म्हणाल्या नाहीत. संहिता मागून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या.

आणि एक गोष्ट. स्वतःशी ठरवलेली तारीख मला कधीच पुरलेली नाही, आणि माझ्या पाहण्यात फार थोड्यांना पुरते. दुसरं कुणीतरी वाट बघत असावं लागतं. भाव्यांची वाट राजा बघत होता. किर्लोस्करांची पुण्याचे प्रेक्षक बघत होते. माझी वाट आई आणि मुलगी बघत होत्या, कारण मी दिवा लावल्याशिवाय त्यांना दिसता येणार नव्हतं. एकट्यानं शिकताना आपण स्वतःला उद्यापर्यंत सवलत देत राहतो. विंगेत कुणी उभं असलं की ती सवलत देण्याचा अधिकारच आपल्याकडे राहत नाही. नाटकाइतकं हे स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. आपण किती शिकलो होतो हे त्यानंतर कुणी विचारत नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं, एवढंच लोकांच्या हाती पडतं.

‘रामराज्यवियोग’चे पुढचे अंक आले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करते. उत्तर मिळत नाही. पण अण्णासाहेब पूर्ण नाटक हाती येईपर्यंत थांबणारे असते तर हे तीन अंकही रंगभूमीवर आले नसते, हे नक्की.

यंदाचा अर्ज गेलाय. संगीताच्या पुढे या वेळी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचं नाव आहे. ती बासरी वाजवते, पण नाटकाला संगीत तिनं कधी दिलेलं नाही. काल तालीम संपल्यावर ती संहिता छातीशी धरून माझ्याकडे आली. पार्श्वसंगीतावरचं एखादं चांगलं पुस्तक सुचवा म्हणाली. मी तिला एक पेन्सिल दिली आणि म्हटलं, पुस्तक नंतर देते. उद्यापासून रोज तालमीला यायचं, आणि जिथे कुणीच बोलत नाही त्या जागा या संहितेत खुणा करून आणायच्या. तिनं तिथेच जमिनीवर बसून पहिला अंक उघडला.